आयएस नंबर नसलेली चाचणी: माझा अनुभव

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मला तपासायचं होतं की विटांच्या बांधकामाला जाळी घातलेल्या मॉर्टरचा (सिमेंटच्या मसाल्याचा) थर किती घट्ट धरतो. नमुने टाकणं सोपं गेलं. पाच विटांचा ठोकळा, त्यावर 50 मिमी रुंद, 300 मिमी लांब पट्टी, मॉर्टरच्या दोन पातळ थरांत काचेची जाळी. ठोकळा पक्का धरायचा आणि जाळीचं मोकळं टोक ओढायचं.

अडलं ते मशीनच्या बुकिंगला. आमच्या कॉलेजचं यूटीएम, म्हणजे नमुने ओढून-दाबून तपासायचं मशीन, 1000 किलोन्यूटनचं. माझ्या पट्टीला लागणार होते जेमतेम दोन-चार किलोन्यूटन, ते त्यावर नीट वाचताच येत नाहीत. म्हणून जळगावातल्या दुसऱ्या लॅबमध्ये छोटा लोड सेल (जोर मोजणारं उपकरण) होता, तिथे अर्ज केला. फॉर्ममध्ये एक रकाना: 'आयएस क्रमांक', म्हणजे चाचणीच्या भारतीय मानकाचा नंबर. मी तो कोरा सोडला, फॉर्म परत. मग रिलेम या बांधकाम साहित्यावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या समितीची या चाचणीसाठीची 2018 ची शिफारस लिहिली, प्रतही जोडली. "हे आपल्याकडचं नाही, मॅडम. आयएस नंबर टाका." विटांच्या चाचणीचा आयएस 3495 आहे, पण तो विटेची ताकद आणि पाणी शोषणं बघतो. तो खोटा टाकायचा का? मी टाकला नाही, आणि ते बरंच केलं. तिसऱ्यांदा विभागप्रमुखांचं पत्र मागितलं, चौथ्यांदा पत्रावर जावक क्रमांक नाही म्हणून परत. भुसावळहून सकाळच्या गाडीने जायचं, साहेब जेवायला गेलेले, संध्याकाळी हात हलवत परत. 28 दिवसांवर ओढायचे नमुने 43 दिवसांचे झाले. अजून आठवलं की डोकं तापतं.

शेवटी तिथल्याच लॅब असिस्टंट दादांनी सांगितलं, त्या रकान्यात 'विशेष चाचणी' लिहा आणि एका पानावर साध्या मराठीत मांडा: लोड कुठल्या दिशेने, वेग किती, जास्तीत जास्त किती किलोन्यूटन, एका नमुन्याला किती वेळ. दुसऱ्या दिवशी सही झाली. हे पान तुम्ही पहिल्याच फेरीला न्या.

वेळ खरा लिहा. मी मिनिटाला 0.2 मिमी वेगाने ओढलं. 6 मिमी सरकायलाच अर्धा तास जातो. सळई ओढायच्या हिशेबाने त्यांनी अर्ध्या तासात तीन नमुने धरले होते.

वीट भिजवायचं आधी सांगायला हवं होतं. पहिली खेप मी मे महिन्यात कोरड्या विटांवर टाकली. पट्टी बोटाने उचलली तर अख्खी निघून आली, मागे फक्त लाल धूळ. गिरणाकाठच्या भट्टीवरचे नाना एवढंच म्हणाले, "पह्यले तिले पानी पाज." तेव्हापासून विटा रात्रभर बुडवायच्या, पृष्ठभागावरचं पाणी सुकलं की मगच मॉर्टर, आणि वरून ओलं गोणपाट.

जाळी अल्कलीला टिकणाऱ्या काचेचीच घ्या, साधी काच सिमेंटमध्ये खराब होते. आणि पट्टी ठोकळ्याच्या अगदी कडेपासून सुरू करू नका. मी 30 मिमी सोडले, नाहीतर विटेचा कोपराच आधी तुटतो.

दुसऱ्या खेपेच्या पाच नमुन्यांपैकी चारमध्ये जाळी मॉर्टरमधून सरकली, मॉर्टरचा विटेशी बंध जागच्या जागी. पाचव्यात पट्टीला विटेची पापुद्र्याएवढी लाल कातडी चिकटून आली. तो तुकडा मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला. आईला दाखवला, नानांनाही दाखवणार आहे.