जिभेचं ऐकून

प्रेरणा आमच्या घरी रात्री साडेदहानंतर येते. लेक झोपलेली असते, भांडी घासून पालथी घातलेली असतात, पोट भरलेलं असतं, आणि मोबाईलवर कुणीतरी काचेच्या बरणीत दही, चिया आणि डाळिंबाचे दाणे थरावर थर रचत असतं. त्या घटकेला माझ्याइतका सकस आहाराचा भक्त नागपूरच्या अख्ख्या त्रिमूर्तीनगरात सापडायचा नाही. उद्यापासून भिजवलेले बदाम, उद्यापासून कोशिंबीर, उद्यापासून साखर बंद. सकाळी गजर होतो तेव्हा प्रेरणा उठून गेलेली असते आणि ओट्यावर कालचं दुधाचं पातेलं तेवढं असतं.

मी एकटा बाप आहे. घरात मी आणि सहावीतली मुलगी, एवढेच. हे असं कसं झालं, हा या लेखाचा विषय नाही.

विषय आहे जेवण. माझं, तिचं नव्हे. तिच्या जेवणाची काळजी मुळीच नाही. ते घड्याळाच्या काट्यावर होतं. छोट्या सुटीत फळ, मोठ्या सुटीत पोळी-भाजी, असा शाळेचा दंडक आहे आणि तो मी इमानेइतबारे पाळतो. मेथीचे पराठे, गाजराचे काप, बिया काढलेलं संत्रं, दर बुधवारी उसळ. तिच्या डब्याचा फोटो काढून कुठल्याही आहारतज्ज्ञाला पाठवावा, बोट ठेवायला जागा मिळणार नाही. मात्र त्याच सकाळी, त्याच ओट्यापाशी, तिचा बाप काय खातो? पहिली बिघडलेली पोळी. पराठ्याच्या कापून काढलेल्या कडा, कारण 'कडा कडक लागतात बाबा'. तिने अर्धं टाकलेलं केळं. आणि हे सगळं उभ्या उभ्या, एका हाताने तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत. 'नाश्ता झाला का?' असं कुणी विचारलं तर मी प्रामाणिकपणे 'हो' म्हणतो.

आजवरचं बरंचसं आयुष्य मला कुणीतरी ताट वाढून दिलं आहे. आधी आईने, मग बायकोने. आमच्या पिढीच्या पुरुषाला स्वतःचं वाढून घ्यायची सवय नसते, तशी दुसऱ्याला वाढायचीही नसते. दोन्ही एकदम शिकायची वेळ आली की तो दुसऱ्याला वाढायला आधी शिकतो, कारण समोरचं पोर भुकेने ओरडतं. स्वतःची भूक ओरडत नाही, ती बिस्किटाच्या पुड्यावर गप्प होते. आपल्या आया वर्षानुवर्षं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उरलंसुरलं कशा खात आल्या, याचा शोध मला ग्रंथालयात लागला नाही. ओट्यापाशी लागला.

मधे आई वर्ध्याहून राहायला आली होती. तेवढे दिवस मी पहाटे उठत होतो, वरण-भात-भाजी-पोळी-कोशिंबीर असा साग्रसंगीत बेत करत होतो, टेबलावरचे इस्त्रीचे कपडे आणि शाळेच्या प्रकल्पाचा थर्माकोल उचलून तिथे ताटं मांडत होतो, आणि स्वतःही बसून जेवत होतो. कुणी प्रेरणा दिली होती? कुणीच नाही. घरात एक माणूस असं होतं की ज्याच्यासमोर उभं राहून पोळीच्या कडा चावता येत नव्हत्या. आई परत गेली आणि टेबलावर कपडे परत आले.

मग तपासणी झाली. कार्यालयातल्या वार्षिक शिबिरात रक्त दिलं आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या त्या चाचणीचा आकडा आला 5.9. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. धंतोलीतल्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, 'रात्रीचं जेवण किती वाजता?' मी म्हटलं, 'तिचं की माझं?' ते हसले नाहीत. म्हणाले, 'गोळी नको सध्या. चाला, वजन उतरवा, बाहेरचं कमी करा.' भीतीने काही काळ छान काम केलं. अंबाझरीला चकरा झाल्या, चहातली साखर गेली. पण भीतीचा एक अवगुण आहे: ती सवयीची होते. फ्रिजवर चुंबकाने लावलेला तो रिपोर्ट हळूहळू दुधाच्या हिशेबाच्या कागदाखाली गेला.

त्याहून जास्त जाच होतो हितचिंतकांचा. 'तिच्यासाठी तरी तब्येत सांभाळ रे बाप्पा,' हे वाक्य मला शेजारच्या काकूंपासून पेट्रोल पंपावर भेटलेल्या वर्गमित्रापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं आहे. बोलणाऱ्यांचा जीव खरा असतो, म्हणून मी मान हलवतो. पण मनात म्हणतो, अरे, सगळंच तिच्यासाठी? उठणं तिच्यासाठी, कमावणं तिच्यासाठी, पालक-सभेला अर्धी रजा तिच्यासाठी, आणि आता काकडीही तिच्यासाठी खायची? कर्तव्य म्हणून खाल्लेली काकडी घशाखाली उतरते, पण दुसऱ्या दिवशी तिची आठवण येत नाही. आणि जे खाण्याची आठवण येत नाही ते दमलेला माणूस संध्याकाळी सातनंतर करणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

ती संध्याकाळ जरा समजून घ्यायला हवी. सिव्हिल लाइन्समधून निघायचं, शिकवणीतून लेकीला घ्यायचं, तिला उद्या निळा कार्डशीट हवा असल्याचं त्याच क्षणी कळायचं, दुकान शोधायचं. शंकरनगर चौकात सिग्नलला उभं असताना माणसाच्या अंगात निर्णयशक्ती म्हणून जे काही असतं ते संपलेलं असतं. अशा वेळी फ्रिजमधला पालक आठवतो का? नाही. आलूबोंडा आठवतो, कारण त्याचा वास सिग्नलपर्यंत येतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रोज निदान 400 ग्रॅम फळं-भाज्या पोटात जाव्यात, आणि त्यात बटाटा धरायचा नाही. आलू धरायचा नाही! बोंड्यातला, समोशातला, पोह्यांतला, सगळा आलू वजा केल्यावर माझ्या दिवसात हिरवं म्हणून फक्त तळलेली मिरची उरत होती.

तर्री-पोह्यांची, म्हणजे वर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओतलेल्या पोह्यांची, बाजू मात्र मला घ्यायची आहे. पोहे बिचारे साधे, पचायला हलके. रश्श्यातले हरभरे तर कुठल्याही पौष्टिक यादीत मानाने बसतील. भानगड आहे ती वर तरंगणाऱ्या लाल तेलाची. पोहेवाला डाव तिरका करून नेमकं तेच तुमच्या प्लेटमध्ये ओततो, कारण सकाळी सकाळी लोक तेच मागायला आलेले असतात. आमच्या कार्यालयातला एक मित्र 'खालून हलवून दे बे' असं सांगतो. हरभरे जास्त येतात, तेल कमी. कुठलाही आहारसल्ला मला इतक्या कमी शब्दांत मिळालेला नाही.

ओट्सशी माझं जमलं नाही. कोमट पाण्यातल्या मधाशीही नाही. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा बैठकीत चहासोबत ज्वारीची बिस्किटं आली होती. ज्वारीचं एवढं वाईट झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ज्या धान्याची गरम भाकरी, तिच्यावर ठेचा आणि कच्चं तेल असा थाट आहे, त्याला साखरेत घोळून कोरडं करून खायला घालणं म्हणजे पुण्यकर्म समजायचं?

गाडी वळली ती एका हिवाळ्यात, आणि तीही तब्येतीच्या विचाराने नाही. पौषाच्या आसपास गोकुळपेठ मार्केटात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागतात. शेंगा सोलल्या की आतले हिरवे सोले. सोले-वांग्यांची भाजी ही वैदर्भीय माणसाची अशी दुखरी नस आहे की तिथे बोट लागलं तर तो प्रमोशनचाही विचार करणार नाही. मी भाव न विचारता शेंगा घेतल्या. त्या रात्री लेक आणि मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सोलत बसलो; ती निम्मे दाणे कच्चेच खात होती आणि मी तिला रागावायच्या ऐवजी स्वतःही खात होतो. भाजी झाली. वर सांबार भुरभुरला (कोथिंबीर हो, पुण्याकडच्यांसाठी सांगतो). आणि वाढून घेताना लक्षात आलं की मी बसलोय. ताटात भाकरी आहे, कांदा आहे, लिंबाची फोड आहे, आईने पाठवलेली जवसाची चटणी आहे, आणि मला उठायची घाई नाही. कुणासाठी म्हणून नाही. ती भाजी उभ्याने खाणं तिचा अपमान झाला असता म्हणून.

तेव्हापासून मी प्रेरणेच्या मागे लागणं सोडलं आणि चटक लागेल असं काय आहे ते शोधू लागलो. यात मला शहराने बरीच मदत केली. नागपुरी जिभेला फिकं चालत नाही, ही तक्रार म्हणून सांगितली जाते. मला ती सोय वाटते. तिखट, लसूण, आंबट एवढं पक्कं असलं की खाली पालक आहे की पनीर, ही चौकशी जीभ फारशी करत नाही.

डाळभाजीचंच घ्या. लग्नाच्या पंगतीतली डाळभाजी आम्ही सगळे ओरपतो, पण घरी करायला ती मोठी वाटते. ती मोठी नाही. तुरीची डाळ, मूठभर चणाडाळ, फल्लीदाणे (म्हणजे शेंगदाणे) सकाळी निघताना भिजत टाकायचे. संध्याकाळी पालक आणि आंबट चुका धुऊन, ओबडधोबड चिरून सगळं एकाच कुकरात. शिट्ट्या होईतो कार्डशीटवर सूर्यमाला चिकटवून होते. मग रवीने घोटायचं आणि वर लसूण-लाल मिरचीची फोडणी. पालकाची गड्डी कुकरात गेली की वाटीभर होते, त्यामुळे ते 400 ग्रॅम अचानक इतके भयंकर वाटत नाहीत. लिंबू मी चवीसाठी पिळत आलो. पुढे कळलं की पालेभाजी आणि डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. लिंबू राहिलं. चहा, मान्य करतो, अर्ध्या तासाने का होईना पण आहेच.

वेळापत्रक नावाचा प्रकार आम्ही केला नाही. पहिल्याच तापाच्या आठवड्यात तो कोसळला असता. रविवारी सकाळी मी कॉटन मार्केटला जातो, इतकंच. नाव कापसाचं आणि ढीग भाजीचे. तिथे गेल्यावर काय खावंसं वाटतंय ते दिसतं, आणि ज्याला मन ओढलं जाईल तेच घ्यायचं. कारण आदर्श म्हणून आणलेली ब्रोकोली गुरुवारपर्यंत पिवळी होते, हे फ्रिज उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पालेभाजी आल्या आल्या निवडून, कापडात गुंडाळून ठेवायची. निवडायला बसलं की लेक शेजारी येऊन शाळेतल्या कुणाकुणाच्या कागाळ्या सांगते. समोरासमोर बसून 'आज काय झालं शाळेत' विचारलं तर 'काही नाही' एवढंच उत्तर येतं.

उन्हाळ्यात हा सगळा डोलारा डळमळतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा स्वयंपाकघरात उभं राहायला प्रेरणा नव्हे, शौर्य लागतं. कूलर बाहेरच्या खोलीत, आणि ओट्यापाशी आपण आणि गॅस. तेव्हा मी शरण जातो. टरबूज, काकडी, कांदा, दही-भात, कैरीचं पन्हं. कधी बाजारात चिवळ दिसली तर ती, मुगाच्या डाळीत. चिवळ निवडणं ही शिक्षा आहे. इवलीशी पानं, मातीने भरलेली मुळं. भाजीवाल्या मावशींना म्हटलं, 'मावशी, निवडून नाही का देत?' त्या म्हणाल्या, 'मंग तुम्ही घरी काय करसाल?' आणि मापात मूठभर जास्तच टाकली.

सावजी, म्हणजे आमचं नागपुरी झणझणीत मटण, मी सोडलेलं नाही. महिन्यातून केव्हातरी, रविवारी, लेक मावशीकडे गेली की मी आणि तो खालून-हलवून-दे मित्र जातो, घाम पुसत जेवतो. यावर डॉक्टरांचं काय म्हणणं असेल ते मला ठाऊक आहे, त्यामुळे मी विचारलेलं नाही. आकडा पुढच्या तपासणीत 5.7 आला, उंबरठा तोच, फक्त पाय थोडा मागे. ते म्हणाले, 'काय केलं?' मी म्हटलं, 'सोले-वांगे.' ते मूळचे सांगलीचे, त्यांना वाटलं एखादं औषध असेल.

पोळीच्या कडा अजून मीच खातो. फरक एवढाच की त्या आता डाळभाजीत बुडवून, बसून. टेबलाचा अर्धा भाग इस्त्रीच्या कपड्यांना कायमचा बहाल केला आहे, उरलेल्या अर्ध्यावर दोन ताटं नीट मावतात. भांडण फक्त ढेमशांवरून होतं. स्वस्त असतात, टिकतात, पोटाला चांगली, आणि आम्हा दोघांनाही अजिबात आवडत नाहीत. मागच्या रविवारी मी सवयीने पिशवीत टाकली, तर ती म्हणाली, 'बाबा, हे काहून? कोण खाणार आहे?' मी भाजीवाल्याला परत केली आणि त्याऐवजी वांगी घेतली.