होंडुरास कुठे, डोंबिवली कुठे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं हे मला दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच. लग्नात बुफेच्या रांगेत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, पेन्शनरांच्या सभेत चहाचा कप हातात असताना. "होंडुरास कुठे, डोंबिवली कुठे! तिकडे पोलिसांनी कुणाला मारलं म्हणून तुम्ही इथून पत्रं कसली लिहिता?" मग आवाज जरा खाली येतो. "कामगारांचं एक वेळ ठीक आहे हो. पण त्यात ते गे-बिगे कशाला?"

मी बँकेत ३७ वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीचशी युनियनच्या कामात गेली. निवेदनं खरडायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही, असं हसून उत्तर देतो आणि वाटी पुढे करतो. पण प्रश्न खोचक असला तरी चुकीचा नाही. तेव्हा या वेळी नीट बसून सांगतो.

होंडुरास हा मध्य अमेरिकेतला केळीच्या बागांचा देश. १९५४ साली तिथल्या अमेरिकन केळी कंपनीच्या मजुरांनी दोन महिन्यांहून जास्त संप चालवला. तिथली कामगार चळवळ तेव्हापासून चिवट आहे. २८ जून २००९ च्या रविवारी पहाटे लष्कराने राष्ट्राध्यक्ष मान्युएल सेलाया यांना झोपेतून उठवलं, अंगावरच्या रात्रीच्या कपड्यांतच विमानात बसवलं आणि कोस्टारिकात नेऊन सोडलं. लगेच संचारबंदी लागली.

त्याच रात्री सान पेद्रो सुला शहरात विकी एर्नांदेस ही २६ वर्षांची ट्रान्स बाई मारली गेली. ती देहविक्री करून पोट भरायची आणि ट्रान्स बायकांच्या एका संघटनेचं कामही करायची. मैत्रिणींबरोबर रस्त्यावर असताना पोलिसांची गाडी मागे लागली, सगळ्या वाट फुटेल तिकडे पळाल्या. सकाळी विकीचं प्रेत रस्त्यावर सापडलं, गोळी लागलेलं. आता संचारबंदी म्हणजे काय, ते आपण सगळ्यांनी कधी ना कधी खिडकीतून पाहिलंय. रस्त्यावर फक्त गणवेश उरतो. काही करणारे तेच आणि साक्षीदारही तेच.

महिन्याभराने, ३० जुलैला, राजधानी तेगुसिगाल्पात लष्करी बंडाविरुद्ध निदर्शनं चालली होती. रोजर वायेहो नावाच्या शिक्षकाच्या डोक्यात गोळी लागली. दोन दिवसांनी तो गेला. त्या ३० जुलैलाच कार्लोस रेयेस यांचा हात मोडला. ते तेव्हा शीतपेय कारखान्यांतल्या कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष होते. त्या युनियनचं सभागृह म्हणजे बंडविरोधी आघाडीचं दुसरं घर होतं. शिक्षक, शेतकरी, बायकांच्या संघटना, समलिंगी आणि ट्रान्स कार्यकर्ते, सगळ्यांच्या बैठका तिथेच. वॉल्टर ट्रोचेस हा त्यांतलाच एक. बंडानंतर समलिंगी आणि ट्रान्स लोकांचे जे खून झाले त्यांची तो टिपणं ठेवत होता. कुठे, कधी, कोण. डिसेंबरात त्याला गाडीत कोंबून पळवलं, तो कसाबसा निसटला. निसटल्यावर गप्प बसला नाही, तक्रार केली. १३ डिसेंबर २००९ ला भर शहरात चालत्या गाडीतून त्याच्यावर गोळी झाडली.

कामगारांचा आणि त्यांचा संबंध काय, तर मला तो इथे दिसतो. दोघांचंही मरण भलत्याच खात्यावर टाकता येतं. ट्रान्स बाई मेली की अधिकारी 'प्रेमप्रकरणातून घडलेला गुन्हा' म्हणून मोकळे. युनियनचा माणूस मेला की गुंडांची टोळी, लूटमार, जुनं वैर. बँकेत आम्ही अशा नोंदीला काय म्हणायचो ते सोडा, पण रोजच्या मेळात ती एकदा बसली की पुढे दहा वर्षं कुणी उघडून बघत नाही.

आणि माझं पत्र म्हणजे तरी काय? पाच-सहा ओळी. माणसाचं नाव, तारीख, गाव, काय घडलं आणि कोणत्या अधिकाऱ्याने काय करायला हवं. विशेषणं नाहीत, 'तीव्र निषेध' नाही. वर 'सेन्योर फिस्काल हेनेराल', म्हणजे तिथले सर्वोच्च सरकारी वकील. स्पॅनिश मसुदा तिकडूनच येतो, मी सोबत इंग्रजीत लिहितो आणि खाली नाव-गाव घालतो. नोंद चुकली आहे, दुरुस्त करा, एवढंच म्हणणं. फक्त ते पन्नास देशांतून येतं.

आता 'गे-बिगे कशाला' हा जो अर्धा प्रश्न, तो मीही विचारलेला आहे. विचारला म्हणजे काय, त्याच्यावर पेन्सिलीने रेघ मारू दिली. २००९ च्या शेवटी आमच्या सभेसाठी होंडुरासचा ठराव मी लिहिला होता. पहिल्या परिच्छेदात शिक्षक, दुसऱ्यात विकी आणि वॉल्टर. आमच्या कोषाध्यक्षांनी कागद वाचला, कानावरची पेन्सिल काढली आणि दुसऱ्या परिच्छेदावर आडवी रेघ ओढली. "पहिला एकमताने पास होईल. याच्यावर लोक हसतील." मी भांडलो नाही. पहिला परिच्छेद टाळ्यांत मंजूर झाला, चहा-वडा झाला, मी ८:१२ ची लोकल पकडून घरी आलो.

माझं मन पालटलं ते कुठलं पुस्तक वाचून नव्हे. आमच्या शाखेत एक कॅशियर होता. कॅश कधी एक रुपयाने इकडे-तिकडे नाही, अक्षर मोत्यासारखं. ९० च्या दशकात त्याने अचानक बदली मागितली, पार आडगावी. युनियनचा सेक्रेटरी म्हणून अर्ज मीच लिहून दिला. कारण: घरगुती. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल दिला, त्यानंतर दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तोपर्यंत दोघेही निवृत्त. म्हणाला, त्या वेळी रात्री स्टेशनबाहेर दोन हवालदारांनी धरलं होतं. ३७७ लावू, बँकेत कळवू. खिशातले पैसे घेतले, घड्याळ घेतलं. मग दर महिन्याला पगाराच्या आठवड्यात ते शाखेसमोरच्या पानवाल्याकडे येऊन उभे राहायचे. दोन वर्षं.

मी तडकलो. "अरे, मला का नाही सांगितलंस तेव्हा? मोर्चा नेला असता चौकीवर!"

"युनियनकडे काय म्हणून येणार होतो?" तो म्हणाला. "कँटीनमध्ये माझ्या चालण्याची नक्कल तूच करायचास."

करायचो. चांगली करायचो, लोक हसायचे.

तेव्हा दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर हे. आमचा एक सभासद दोन वर्षं खंडणी देत होता, वर्गणीही न चुकता देत होता, आणि दोन्हींतली एकच त्याच्या उपयोगाची आहे असं त्याला वाटत होतं. ब्रिटनमधल्या खाणकामगारांची गोष्ट हल्ली सगळे सांगतात. १९८४-८५ च्या संपात लंडनच्या समलिंगी तरुणांनी डबे फिरवून वेल्सच्या खाणकामगारांसाठी पैसे जमवले, आणि १९८५ च्या प्राइड मोर्चात खाणकामगार बॅनर घेऊन त्यांच्याबरोबर चालले. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे. पण ती ऐकताना आपण मनातल्या मनात मोर्चात असतो, कँटीनमध्ये नसतो.

राहिला अंतराचा मुद्दा. होंडुरास लांब आहे म्हणता? मग गिरणगावाला मँचेस्टर किती लांब होतं बघा. १९२८ च्या एप्रिलपासून मुंबईच्या गिरण्यांचा संप सहा महिने चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. त्यांच्या मदतीला रशियातल्या कामगार संघटनांकडून पैसे आले आणि सरकारचं पित्त खवळलं. २० मार्च १९२९ ला कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली. डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर आणि स्वतः गिरणीत काम केलेले आळवे, कासले. खटला मुंबईत नाही, मीरतला. मुंबईत ज्युरी बसवावी लागली असती. आरोपींच्या पिंजऱ्यात स्प्रॅट आणि ब्रॅडली हे दोन इंग्रजही होते, पुढे हचिन्सन तिसरा. त्यांना मायदेशी निवांत राहता आलं असतं. तिकडे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँने लेखणी उचलली, आणि मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायर भागातली कामगारांची नाटकमंडळी रस्त्यात उभी राहून मीरतवर छोटंसं नाटक करायची. नेपथ्य म्हणजे काठ्या. काही उभ्या, काही आडव्या धरल्या की तुरुंगाचे गज तयार, आणि नट त्यांच्या मागे. मुंबईच्या गिरण्यांमुळे ज्यांच्या कापडाचं गिऱ्हाईक तुटत होतं अशा गावांत हे चाललं होतं, हे विशेष. १९३३ च्या जानेवारीत काहींना बारा-बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या, एकाला जन्मठेप. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्या भराभर खाली आणल्या, कित्येक सुटले. लोकांच्या ओरड्यामुळेच सुटले असं मी म्हणणार नाही. पण लालबागच्या माणसासाठी परक्या मुलखात कुणी काठ्या धरून उभं राहिलं होतं, त्याचं देणं आपल्या नावे निघतं.

उपयोग होतो का? होंडुरासमध्येच चोलोमा इथे कपडे शिवणारा एक कारखाना होता, अमेरिकन रसेल कंपनीचा. कामगारांनी युनियन केली, जानेवारी २००९ मध्ये कारखाना बंद. कपड्यांवर अमेरिकेतल्या विद्यापीठांची नावं छापलेली असायची. तिथल्या पोरांनी आपापल्या कॉलेजात धरणं धरलं, जवळपास १०० विद्यापीठांनी कंपनीशी करार तोडले. लष्करी बंड झालेल्या त्याच वर्षी, नोव्हेंबरात, कंपनीने नवा कारखाना उघडायचं आणि १,२०० कामगारांना परत घ्यायचं लेखी कबूल केलं. कंपनीला गिऱ्हाईक लागतं, म्हणून हे जमलं. सरकारचं तसं नसतं. मार्च २०११ मध्ये तेगुसिगाल्पात शिक्षकांच्या निदर्शनात इल्से वेलास्केस या शिक्षिकेला अश्रुधुराचं नळकांडं लागलं, ती पडली आणि गाडीखाली आली. तिचा भाऊ मान्फ्रेदो १९८१ साली विद्यार्थी असताना गायब केला गेला होता. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाचा १९८८ चा पहिला मोठा निकाल त्याच्याच खटल्यातला, होंडुरास सरकार दोषी. निकालानंतर २३ वर्षांनी बहीण रस्त्यावर मेली. इल्सेच्या वेळी मी चार पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही.

त्याच न्यायालयाने २०२१ साली विकीच्या मृत्यूला होंडुरास सरकार जबाबदार असल्याचा निकाल दिला. ट्रान्स बाईच्या खुनाबद्दल त्याने एखाद्या सरकारला जबाबदार धरल्याची ही पहिलीच वेळ. संचारबंदीत रस्त्यावर फक्त पोलीस आणि लष्कर होतं, ही गोष्ट त्यात वजनदार ठरली. ट्रान्स बायकांसाठी विकीच्या नावाने शिष्यवृत्ती, कागदपत्रांवर नाव-लिंग बदलून घेण्याची सोय, जाहीर कबुली, असे हुकूम निघाले. मे २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिओमारा कास्त्रो यांनी विकीच्या घरच्यांची माफी मागितली. कास्त्रो म्हणजे सेलायांच्याच पत्नी. ज्या माणसाला त्या पहाटे विमानात कोंबलं, त्याच्या.

बातमी वाचली आणि मी आमच्या कॅशियरला फोन लावला. सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मागे कुकरची शिट्टी झाली.

"मारणारा सापडला?"

"नाही."

"हं." थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "पुढचं पत्र लिहिशील तेव्हा मला पाठव. इंग्रजी जरा बघून देतो, तुझ्या वाक्यांत कर्ता सापडत नाही."