घरची लॅब, नोंद ९ : वेस तारेवर नसते

मागच्या नोंदीपर्यंत दोन्ही कॅटॅलिस्ट ३५६० (सिस्कोचे नेटवर्क स्विच) आणि रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) ओएसपीएफच्या एकाच एरिया ० मध्ये गुण्यागोविंदानं नांदत होते. ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा (रूट) कळवायची पद्धत, एरिया म्हणजे त्यातले नेटवर्कचे भाग, आणि एरिया ० हा त्यांचा कणा, म्हणजे बॅकबोन. तीन डब्यांना एरियांची काडीची गरज नाही, हे आधीच मान्य करतो. पण हात बसवायचाय, म्हणून शनिवारी खालचा स्विच एरिया १ मध्ये हलवायला घेतला.

मांडणी अशी. पायवर एफआरआर, म्हणजे त्याला राउटर बनवणारं सॉफ्टवेअर. पाय ते वरचा स्विच ही १०.०.०.०/३० ची लिंक, एरिया ०. वरचा ते खालचा ही १०.१.२५५.०/३०, एरिया १. खालच्यावर चार व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं), १०.१.१०.० पासून १०.१.४०.० पर्यंत, सगळे /२४. शिवाय पायवर पाच खोटे स्टॅटिक (हातानं लिहिलेले) रूट टाकून ओएसपीएफमध्ये रिडिस्ट्रिब्यूट केलेत, म्हणजे बाहेरचे रूट म्हणून आत सोडलेत, टाइप ५ एलएसए (बाहेरच्या रूटची खबर देणारे संदेश) बघायला मिळावेत म्हणून. (कुणी वापरलेला ३५६० घेणार असाल तर आधी 'शो व्हर्जन' बघून घ्या. माझ्या दोन्हींवर आयपी सर्व्हिसेसची इमेज (ओएसपीएफ पूर्ण चालवणारं सॉफ्टवेअर) होती, म्हणून निभावलं.)

पहिला तासभर फुकट गेला. कुठला पत्ता कुठल्या एरियात हे सांगणारी जुनी ओळ वरच्या स्विचवर तशीच होती: नेटवर्क १०.०.०.० ०.२५५.२५५.२५५ एरिया ०. या एका ओळीनं १० पासून सुरू होणारं सगळं गिळलं, खालच्याकडे जाणारी लिंकसुद्धा. खालचा मात्र ती लिंक एरिया १ ची म्हणून बसलेला. त्याच्या कन्सोलवर मेसेज आला: 'मिसमॅच एरिया आयडी, फ्रॉम बॅकबोन एरिया मस्ट बी व्हर्च्युअल-लिंक बट नॉट फाउंड'. व्हर्च्युअल लिंक हा शब्द दिसला आणि मी शहाण्यासारखा व्हर्च्युअल लिंक वाचत बसलो! तिचा इथे काडीचा संबंध नव्हता. मेसेजचे पहिले तीन शब्द ('एरियाचा नंबर जुळत नाही') वाचले असते तरी पुरलं असतं.

खरा घोळ डोक्यात होता. मी समजत होतो की दोन एरियांची हद्द दोन स्विचमधल्या केबलवर कुठेतरी पडते. तसं नाही. लिंक अख्खी एकाच एरियाची, दोन्ही टोकांना तोच नंबर. हद्द पडते ती स्विचच्या पोटात. वरचा स्विच हीच वेस, एक पाय एरिया ० मध्ये आणि एक एरिया १ मध्ये. एबीआर (एरिया बॉर्डर राउटर) म्हणतात तो हाच. ती ढोबळ ओळ काढून प्रत्येक इंटरफेससाठी ०.०.०.० वाइल्डकार्डची (नेमका तेवढाच पत्ता धरणारी) वेगळी ओळ लिहिली, तर नेबर (शेजारचा राउटर) काही सेकंदांत फुल, म्हणजे पूर्ण जोडलेला.

मग पायवर बघतो तर चारपैकी दोनच व्हीलॅन पोचलेले. हे ओएसपीएफचं दुखणं नव्हतंच. त्या व्हीलॅनमधला एकही पोर्ट चालू नसेल तर व्हीलॅन इंटरफेस डाउनच राहतो, आणि डाउन इंटरफेसची जाहिरात कोण करणार? एका पोर्टला ट्रंक (सगळे व्हीलॅन नेणारा) करून त्यात जुना लॅपटॉप खुपसला. चारही वर आले.

आता पायवर एरिया १ चे सहा रूट: चार व्हीलॅन, ती लिंक आणि खालच्याचा लूपबॅक (स्विचच्या आतला आभासी इंटरफेस). वरच्यावर एरिया १ रेंज १०.१.०.० २५५.२५५.०.० लिहिलं, म्हणजे १०.१ चे सगळे रूट मिळून एकच कळवायचा. सहाचा एक झाला. मग खालच्यावर मुद्दाम व्हीलॅन २० शट केला. पायला पत्ताच नाही. गावचा तंटा गावातच मिटला. वरच्यावर १०.१.०.०/१६ चा नल ० कडे (पॅकेट टाकून देण्याच्या जागेकडे) जाणारा रूट आपोआप आलाय, तो बघून दचकू नका. रेंजमधल्या, पण प्रत्यक्षात नसलेल्या पत्त्यांचं पॅकेट घुमत राहू नये म्हणून तो असतो.

मग एरिया १ ला स्टब, म्हणजे बाहेरचे रूट आत न घेणारा एरिया, करताना पुन्हा माती खाल्ली. फक्त वरच्यावर एरिया १ स्टब टाइप केलं आणि एंटर दाबताच नेबर पडला. डीबग लावलं: 'मिसमॅच्ड स्टब/ट्रान्झिट एरिया ऑप्शन बिट'. जॉन मॉय यांच्या १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये (ओएसपीएफच्या अधिकृत दस्तऐवजात) हे स्वच्छ लिहिलंय. हॅलोमधला (शेजाऱ्याला ओळख देणाऱ्या पॅकेटमधला) ई-बिट, म्हणजे एरिया स्टब आहे की नाही ते सांगणारी खूण, जुळला नाही तर तो हॅलो टाकूनच द्यायचा. खालच्यावरही तीच ओळ लिहिल्यावर पाच खोटे रूट गायब, त्यांच्या जागी एक डीफॉल्ट (बाकी सगळ्यासाठीची एकच वाट). एरिया ० चे तीन रूट अजून दिसत होते. वरच्यावर नो-समरी (दुसऱ्या एरियांचे रूटही आत नकोत) जोडलं, तेही गेले. नो-समरी वेशीवरच लिहायचं, आतल्यांना त्याची गरज नाही.

इथवर येईतो साडेदहा. आईनं दारातून विचारलं, "अरे, ते विमान उतरणार आहे का आज?" स्विचच्या पंख्याचा आवाज तिच्या खोलीपर्यंत जातो.

"पाच मिनिटं गं," म्हणून खालच्यावर एक स्टॅटिक रूट टाकला आणि रिडिस्ट्रिब्यूट लिहिलं. लगेच तक्रार आली: राउटर एएसबीआर (बाहेरचे रूट आत आणणारा) आहे, पण त्याचा एकुलता एक एरिया स्टब आहे. बरोबरच आहे, स्टबमध्ये टाइप ५ ला प्रवेश नाही. म्हणजे आता एनएसएसए (बाहेरचे रूट आणू देणारा स्टबचा प्रकार) आणि त्यातले टाइप ७ एलएसए. रिडिस्ट्रिब्यूटची ओळ काढली, कॉन्फिग सेव्ह केलं आणि विमान उतरवलं.