व्हेअर आर यू पुटिंग अप?

ठाण्यात मुलाखतीला गेलं की हा प्रश्न बरेचदा येतो: 'सो, व्हेअर आर यू पुटिंग अप?' आपणही सहज सांगतो, वर्तकनगर, कळवा, घोडबंदर रोड. इथे मँचेस्टरमध्ये मात्र तो ऐकायला मिळत नाही. घर कुठे हे विचारायचं तर 'व्हेअर डू यू लिव्ह?', आणि पाहुण्याचा मुक्काम कुठे हे विचारायचं तर 'व्हेअर आर यू स्टेइंग?'.

सप्टेंबरात इकडे शिकायला येणाऱ्या ठाणेकर मुलांसाठी हे मुद्दाम लिहितेय. कारण 'पुट अप' इथेही सारखं कानावर पडतं, फक्त वेगळ्या कामांसाठी. घरमालकाने भाडं वाढवलं की 'ही हॅज पुट द रेंट अप'. भिंतीवर फळी ठोकली, तंबू उभारला, छत्री उघडली, सगळीकडे पुट अपच. तुमच्या सर्वांत उपयोगाचं वाक्य म्हणजे 'कुड यू पुट मी अप फॉर अ कपल ऑफ नाइट्स?' दोन रात्री मला ठेवून घ्याल का? यातला 'मी' मध्येच हवा. 'पुट अप मी' कधीच होत नाही. आणि हा मुक्काम थोड्या दिवसांचाच समजला जातो. खोली मिळेपर्यंत महिनाभर राहायचं असेल तर आधीच स्पष्ट सांगा. पुट अप म्हटल्यावर समोरचा सोफा रिकामा करून देतो, कपाट नाही.

'विथ' जोडला की अर्थ पार बदलतो: सहन करणं, चालवून घेणं. तिथे तिन्ही शब्द एकत्रच राहतात. 'आय कान्ट पुट अप विथ द नॉइज.'

आपल्या प्रश्नाला कुणी 'चुकीचं इंग्रजी' म्हणून हसलं तर मला ते अजिबात पटत नाही. घोडागाड्यांच्या काळात वाटसरू सराईत उतरला की इंग्रज स्वतः 'ही पुट अप ॲट द इन' म्हणत. घोडे तबेल्यात, माणूस खोलीत. ब्रिटनमध्ये तो प्रयोग मागे पडला. आपल्याकडे टिकला आणि मुक्कामावरून कायमच्या पत्त्यापर्यंत सरकला. ठाण्यात तो खुशाल वापरा, इथे 'लिव्ह' आणि 'स्टे' म्हणा.

स्कॉटलंडला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. ग्लासगोत कुणी 'व्हेअर डू यू स्टे?' विचारलं, तर हॉटेलचं नाव सांगू नका, तो तुमचं घर कुठे हेच विचारतोय.