बॅनरवर ९.८ दिसलं पाहिजे

एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन, सोर्स कोडमधून बांधून बसवायचं काम हल्ली क्वचितच येतं. आलं तर बहुतेक वेळा ऑडिटच्या कागदातून येतं. हेही तसंच आलं. २०२४ च्या जुलैमध्ये ओपनएसएसएच या त्याच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमधली सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक) ही त्रुटी जाहीर झाली, ९.८ आवृत्ती बाहेर पडली, आणि पाठोपाठ एका क्लायंटच्या ऑडिट रिपोर्टवर लाल शेरा आला: सर्व्हरवरचं ओपनएसएसएच ९.८ पेक्षा जुनं आहे.

सर्व्हर रेड हॅट लिनक्सच्या कुळातला, आठव्या पिढीचा, म्हणजे ओपनएसएसएच ८.०. ही त्रुटी ८.५पी१ ते ९.७पी१ एवढ्याच आवृत्त्यांत आहे. मूळ भोक २००६ साली बुजवलेलं होतं. पुढे कोडची फेररचना करताना ते बुजवणंच निघून गेलं आणि ८.५ पासून भोक परत उघडलं. लॉगिनची मुदत संपली की जो सिग्नल हँडलर (चालू काम मध्येच थांबवून धावणारं फंक्शन) चालतो, तो सिसलॉगला, म्हणजे नोंदी लिहिणाऱ्या फंक्शनला, हाक मारतो, आणि त्या क्षणी तसं करणं सुरक्षित नसतं. ८.० या पट्ट्यात बसतच नाही. आधीच्या त्रुटींचे पॅच (दुरुस्त्या) डिस्ट्रोने, म्हणजे ही लिनक्स पुरवणाऱ्यांनी, मागे आणून ८.० मध्येच लावले होते. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये एकेक सीव्हीई क्रमांकासकट लिहिलेली होती. मी ते सगळं काढून पाठवलं.

ऑडिटवाल्यांचं उत्तर: "मॅडम, तुमचं बरोबर असेल, पण स्कॅनमध्ये ९.८ दिसल्याशिवाय पॉइंट क्लोज करता येत नाही."

पोर्ट २२ ला, म्हणजे एसएसएचच्या दाराला, जोडलं की सर्व्हर आधी स्वतःची आवृत्ती सांगतो; हाच बॅनर. स्कॅनर ती एक ओळ वाचून निकाल देतो. त्या निकालावर सही करणाऱ्याने चेंजलॉग उघडूनही बघू नये, याचा मला मनापासून राग येतो. पण क्लायंटला प्रमाणपत्र हवं होतं आणि तारीख जवळ आली होती. काम घेतलं.

बांधणीचा भाग मला आवडतो. पहिली अडचण चेकसमची, म्हणजे उतरवलेली फाइल मूळचीच आहे ना हे पडताळायच्या आकड्याची. ओपनएसएसएचच्या घोषणेत एसएचए-२५६ चा आकडा बेस-६४ मध्ये छापलेला असतो, तर नेहमीचं साधन हेक्समध्ये दाखवतं. दोन्ही समोरासमोर ठेवले तर जुळत नाहीत, आणि "फॉरमॅट वेगळा असेल" म्हणून पुढे जाणारे मी पाहिले आहेत. तो आकडा (हॅश) बायनरीत काढून बेस-६४ केला की अक्षरन् अक्षर जुळतं. मग फाइलवरची जीपीजी, म्हणजे डिजिटल, सही. अर्थात सही फक्त एवढंच सांगते की फाइल त्याच हातातून आली. त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये सापडलेलं मागचं दार खुद्द देखभाल करणाऱ्याच्या सहीनेच बाहेर पडलं होतं. तरीही तपासायचंच, कारण वाटेत कुणी हात घातला नाही एवढं तरी नक्की होतं.

बांधणीआधी मशीन तपासणारा 'कॉन्फिगर' संपताना एक गोषवारा छापतो. मी तो ओळ न् ओळ वाचते. काही न सांगता चालवलं तर पॅमपुढे (लॉगिनची ओळख पटवणारी यंत्रणा) 'नो', एसईलिनक्सपुढेही (सुरक्षेचे नियम लावणारी यंत्रणा) 'नो'. तसंच 'मेक' (बांधणी) केलं तर सगळं बिनतक्रार बांधलं जातं, आणि उद्या लॉगिन का होत नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो. दोन्हींपुढे 'येस' दिसल्यावरच पुढे गेले. 'मेक टेस्ट्स'ला वेळ लागतो, पण ते मी कधी टाळत नाही.

मशीन दूरच्या डेटा सेंटरमध्ये होतं आणि त्याच्या रिमोट कन्सोलचा पासवर्ड क्लायंटकडे कुणालाच ठाऊक नव्हता. म्हणजे आत जायचा रस्ता एकच, आणि तोच उखडून नवा करायचा. म्हणून जुन्या एसएसएचडीची (सर्व्हरवर लॉगिन घेणाऱ्या प्रोग्रॅमची) प्रत बाजूला काढून ती पोर्ट २२२२ वर चालू ठेवली, त्यातून एकदा लॉगिन करून पाहिलं, आणि माझं मुख्य सेशन उघडं ठेवलं. क्लायंटचा अ‍ॅडमिन फोनवर म्हणाला, "मॅडम, एवढं कशाला? मेक इन्स्टॉल आणि रीस्टार्टच आहे ना?" मी त्याला लाइनवरच थांबायला सांगितलं.

कारण ९.८ मध्ये एक खोच आहे. इथून पुढे एसएसएचडी फक्त कनेक्शन घेतो, आणि प्रत्येक कनेक्शनचं काम एसएसएचडी-सेशन नावाच्या वेगळ्या बायनरीकडे जातं. जुना एसएसएचडी मात्र दर कनेक्शनला स्वतःचीच फाइल पुन्हा चालवतो. त्या जागी नवी फाइल आली की दोघांचं जुळत नाही. थोडक्यात, 'मेक इन्स्टॉल' झालं की रीस्टार्ट होईपर्यंत पोर्ट २२ वर नवं लॉगिन बंद. उघडी सेशन्स तेवढी जगतात.

इन्स्टॉल झालं. 'टी' पर्याय देऊन कॉन्फिग तपासलं, तर होस्ट कीच्या (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या गुप्त फाइलींच्या) परवानग्यांवर तक्रार. डिस्ट्रो त्या ०६४०, म्हणजे गटालाही वाचता येतील अशा, ठेवते आणि तिचं पॅच केलेलं एसएसएच ते चालवून घेतं. मूळ एसएसएच गटाला वाचता येणारी की हातात धरत नाही. ०६०० केल्या, म्हणजे फक्त मालकासाठी. तपासणी स्वच्छ. हाताने वेगळ्या पोर्टवर डीबगमध्ये चालवलं, लॉगिन झालं. मग रीस्टार्ट दिला.

सर्व्हिस पडली. बेचाळीस सेकंदांनी सिस्टिमडीने, म्हणजे लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्याने, पुन्हा उचलली, पुन्हा पडली. फोनवर अ‍ॅडमिनचा आवाज बदलला, कारण त्याने त्याचं सेशन मघाशीच बंद केलं होतं.

जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या नोंदवहीत) ओळ होती: कमांड-लाइन, लाइन ०, बॅड कॉन्फिगरेशन ऑप्शन, आणि पुढे 'जीएसएसएपीआय-केक्स-अल्गोरिदम्स'. कुठल्याही फाइलमध्ये शून्यावी ओळ नसते. म्हणजे हा पर्याय फाइलमधून येत नव्हता. सर्व्हिस कशी चालू करायची ते सांगणारी युनिट फाइल उघडली. एक्झेकस्टार्टच्या, म्हणजे चालवायच्या कमांडच्या ओळीच्या, शेवटी एक व्हेरिएबल लटकलेलं होतं, क्रिप्टो पॉलिसीचं. सायफर (कूटलेखनाच्या पद्धती) कुठले, 'की एक्सचेंज' (किल्ल्या ठरवायच्या पद्धती) कुठले, हे डिस्ट्रो अख्ख्या मशीनसाठी एका जागी ठरवते आणि एसएसएचडीला कमांड लाइनवरून देते. त्यातला हा एक पर्याय डिस्ट्रोच्या स्वतःच्या पॅचमधला. मूळ सोर्सला तो माहीतच नाही, आणि अनोळखी पर्याय दिसला की एसएसएचडी सरळ बाहेर पडतो. हाताने चालवताना, कॉन्फिग तपासताना ते व्हेरिएबल मध्ये येतच नाही. म्हणून सगळं हिरवं दिसत होतं.

युनिटवर ड्रॉप-इन (वरून लागू होणारी छोटी फाइल) लिहिलं: आधी एक्झेकस्टार्ट रिकामं, मग व्हेरिएबल नसलेली नवी ओळ. रिकामी ओळ गाळली तर सिस्टिमडी दोन एक्झेकस्टार्ट बघून ते नाकारतो. सायफरच्या याद्या पॉलिसीतून उचलून कॉन्फिगमध्ये हाताने भरल्या. या वेळी सर्व्हिस उभी राहिली. अ‍ॅडमिनला पोर्ट २२ वरून आत यायला सांगितलं, तो आला, आणि मग २२२२ वरचा जुना बंद केला. पुढच्या अपडेटने आमचं काम पुसू नये म्हणून डीएनएफला (पॅकेज अपडेट करणाऱ्या साधनाला) ओपनएसएसएच वगळायला सांगितलं.

स्कॅन झाला. पॉइंट क्लोज.

आता हिशोब मांडून बघा. या मशीनला ती त्रुटी नव्हती. आधी पॅच आपोआप येत होते, आता येत नाहीत. आधी सायफरचं धोरण एका जागेवरून बदलत होतं, आता एसएसएचपुरतं ते कुणीतरी आठवणीने बदलायचं. हे सगळं मी ईमेलमध्ये मुद्देसूद लिहिलं, आणि पुढच्या बांधण्या कोण करणार त्याचं नाव मागितलं. नाव आलं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत ९.९पी२ आलं, तेव्हा मीच त्यांना कळवलं आणि बांधून दिलं. एप्रिलमध्ये १०.० आलं. त्याच्या घोषणेतच इशारा होता की 'ओपनएसएसएच_१' एवढंच, म्हणजे आवृत्तीचा पहिला अंकच, बघून निर्णय घेणाऱ्या सॉफ्टवेअरचा या आवृत्तीने गोंधळ उडू शकतो. बॅनर वाचून निकाल देणाऱ्यांसाठी यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं असतं? डिस्ट्रोचं पॅकेज परत लावू या, असा प्रस्ताव मी तेव्हाच पाठवला. त्यावर चर्चा पुढच्या ऑडिटनंतर ठेवली आहे, आणि डीएनएफवर मी घातलेली बंदी काढायला मला अजून कुणी बोलावलेलं नाही.