दादाच्या आजाराचा कागद: माझा अनुभव

‘मनोरुग्णांच्या फायली घरच्यांना देत नाही, कोर्टाची ऑर्डर आणा.’ दादाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी त्याची जुनी फाइल मागताना हे वाक्य एका खासगी मनोरुग्णालयाच्या रेकॉर्ड रूमपुढं मी इतक्या वेळा ऐकलं, की आजही आठवलं तरी डोकं तापतं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. सीमेपलीकडं, महाराष्ट्रातल्या एका शहरात आहे, एवढं पुरे. आमच्या खानापूर, बेळगाव, निपाणी भागातली कितीतरी मराठी माणसं डोक्याच्या दुखण्यासाठी अशीच पलीकडं जातात, कारण तिथं डॉक्टरशी आपल्या भाषेत बोलता येतं. दादालाही आम्ही त्यासाठीच नेलं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत चांगल्या कामावर होता. २०१६ साली त्याला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीपलीकडं माणसं आपल्याबद्दल बोलतात म्हणायचा, ताटातलं जेवण आधी मांजराला घालून बघायचा. आई म्हणाली, बाहेरचं आहे. गाणगापूर झालं, नरसोबाची वाडी झाली. त्याबद्दल आईला मी कधी बोल लावला नाही, लावणारही नाही. तिथं निदान कुणी दादाला हाकलून दिलं नाही. मग त्या पलीकडच्या रुग्णालयात भरती केलं, स्किझोफ्रेनिया असं निदान झालं. गोळ्यांनी फरक पडला, तो कामावर गेला, पुन्हा घसरला, आणि २०२१ साली कोरोनाच्या लाटेत दुसऱ्यांदा भरती करावं लागलं. पहिल्या भरतीचे सगळे कागद मधल्या काळात, २०१९ च्या ऑगस्टमधल्या मलप्रभेच्या पुरात गेले. घराची मागची भिंतच बसली होती, ट्रंकेतल्या कागदांचा चिखल झाला. दुसऱ्या भरतीनंतर रुग्णालयानं हातात दिलं ते बिल आणि गोळ्यांची चिठ्ठी. एवढंच.

प्रमाणपत्राचं आम्ही मनावर घेतलं ते २०२३ मध्ये, आईसाठी. आमचे वडील सरकारी मराठी शाळेत मास्तर होते. त्यांच्या मागं आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यावर दोघांचं भागतं. आईनंतर ते दादाच्या नावावर यावं, यासाठी पहिला कागद लागतो तो दिव्यांग प्रमाणपत्राचा. आई सत्तरी ओलांडलेली. रात्री उठून ती दादाच्या खोलीत डोकावते ते मी बघितलंय. त्यामुळं हा कागद मिळवल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

अर्ज सोपा आहे. यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, सरकारी पोर्टलवर भरायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा. आमच्या ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू आहेत, दिव्यांगांच्या कामासाठी सरकारनं नेमलेले, त्यांनी एका बैठकीत भरून दिला. कर्नाटकात बहुतेक पंचायतींत असा माणूस असतो, आधी त्यांना गाठा, बाहेर पैसे देऊ नका.

पुढं दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढं जायचं. तिथं सांगितलं, आजार कधीपासून आहे याचा पुरावा आणा. ही मागणी रास्त होती. मानसिक आजाराचं प्रमाण ठरवायला आपल्या देशात आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण, आणि आजार किती काळ आहे त्याचे वेगळे गुण, असे सगळे मिळून २०. एकूण गुण ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेले की ४० टक्के किंवा त्यापुढचं प्रमाणपत्र मिळू शकतं. म्हणजे २०१६ सिद्ध झालं तर गुण वेगळे, नाही झालं तर वेगळे. कागद पलीकडं, त्या खिडकीत.

पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीवरच्या गृहस्थांनी वर न बघता विचारलं, ‘घटस्फोटाची केस आहे का?’ दादाचं लग्नच झालेलं नाही. मग म्हणाले, पेशंटला स्वतः आणा. दादाला बेळगावहून निपाणीमार्गे एवढा बसचा प्रवास करवून, ज्या इमारतीत त्याला बांधून ठेवलं होतं असं तो आजही म्हणतो, तिथं परत नेऊन उभं करायचं? एका झेरॉक्ससाठी? मी नाही म्हटलं. मग शंभराच्या बाँडवर दादाची संमती, नोटरी करून आणा. ती बेळगावात करून नेली तर, हा बाँड कर्नाटकाचा, इथं चालत नाही. पुढच्या वेळी दुसरेच गृहस्थ होते, ते म्हणाले, मनोरुग्णाच्या सहीला किंमत नाही, पोलिसांचं पत्र आणा. आमच्या गावच्या ठाण्यात गेले तर हवालदार बिचारे विचारात पडले. गुन्हा नाही, तक्रार नाही, पत्र कसलं द्यायचं? इकडच्या कचेरीत जाऊन, पलीकडचे कागद मिळेनात, काय करू विचारलं तर, ‘नाळे बर्री, अक्का.’ उद्या या. उद्या गेलं की साहेब मीटिंगला. आई म्हणायची, ‘कशाला एवढं फिरूलालीस ग, नशिबात असंल तर मिळंल.’ माझं एका दुकानातलं हिशेबाचं काम, रजा घेतली की पगार कापतात. पण खरी चीड पैशाची नव्हती. दादाच्या आयुष्याची इतकी वर्षं त्या कपाटात होती, आणि ती बघायचा हक्क त्याला आहे की नाही हे ठरवत होता एक असा माणूस, ज्यानं दादाचं तोंडही पाहिलं नव्हतं.

कोंडी फुटली ती धारवाडला. २०२१ च्या शेवटापासून दादाचे उपचार धारवाडच्या डिमहान्समध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मानसोपचार संस्थेत, चालू आहेत. आमच्या भागात धारवाडचं नाव चिडवायला वापरतात, ‘याला धारवाडला न्या’ म्हणून. १८४५ साली वेड्यांचं इस्पितळ म्हणून निघालेली ती संस्था, तेव्हा नावाला तो डाग चिकटणारच. खानापूरहून लोंडा, अळणावर करत रेल्वेनं पहिल्यांदा गेलो तेव्हा आई गाडीत रडत होती. पण तिथं आम्हाला माणसासारखं वागवलं, हे मी छातीठोकपणे सांगते. नुसत्या गोळ्या देऊन पाठवलं नाही. समाजसेविका बाईंनी घरच्या सगळ्यांना समोर बसवलं. ज्या घरात रुग्णाला सतत टोमणे मिळतात, त्या घरात आजार उलटायचं प्रमाण जास्त, हे लंडनमध्ये साठ-सत्तरच्या दशकात अभ्यासातून दिसलं होतं, ते त्यांनी आईला समजेल असं सांगितलं. ‘आंघोळ कर, आंघोळ कर’ म्हणून दिवसभर मागं लागायचं नाही. सकाळी एकदा सांगायचं, गरम पाणी काढून ठेवायचं, बाजूला व्हायचं. आईनं ते पाळलं आणि घरातली निम्मी भांडणं थांबली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूत मुक्कामाला ठेवून उपचारात सामील करून घेतलं होतं, हेही तिथंच कळलं. घरच्यांना दाराबाहेर ठेवायची पद्धत तेव्हा सगळीकडं होती. मला वाटतं, त्या रेकॉर्ड रूममध्ये ती अजून आहे.

याच बाईंनी फाइलचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा बघा, कलम २५. रुग्णाला स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं मिळण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. कागद उघड केल्यानं रुग्णाला गंभीर मानसिक इजा होणार असेल किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल, तर तेवढी माहिती रोखता येते, पण मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडं दाद मागता येते हेही त्यांनीच रुग्णाला सांगायचं असतं. त्या कायद्याखालच्या २०१८ च्या नियमांत ‘नमुना अ’ आहे, त्यात लेखी मागणी करायची, आणि १५ दिवसांत भरतीच्या काळातली मूलभूत माहिती त्यांनी द्यायची. आणि बाँड? कलम १४ प्रमाणं रुग्ण आपला प्रतिनिधी नेमू शकतो, तोही साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. स्टॅम्प नाही, नोटरी नाही. शिवाय कायदा केंद्राचा, सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच.

हे ऐकून मला आनंद झाला त्याहून जास्त राग आला. कारण पोलीस आणि कोर्ट कुठून आलं तेही मग समजलं. १९१२ च्या जुन्या कायद्यात वेड्यांच्या इस्पितळात माणूस जायचा तो मुख्यतः मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं. १९८७ चा कायदा आला, १९९३ मध्ये लागू झाला, त्यातही मॅजिस्ट्रेटचा हुकूम होताच. २००१ च्या ६ ऑगस्टला तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडानं बांधलेली २८ माणसं आगीत जळून मेली, तेव्हा कुठं देश हलला. नव्या कायद्यात साखळी घालायला सक्त बंदी आहे आणि भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. रुग्ण स्वतःच्या मर्जीनं भरती होऊ शकतो. म्हणजे कायद्यानं त्याला आरोपीच्या रांगेतून काढलं. खिडकीवर मात्र १९१२ सालच चालू होतं.

त्या रात्री दादाला सगळं समजावलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘माझी फाइल मलाच पायजे. दे, सही करतो.’ मराठी शाळेतलं त्याचं वळणदार अक्षर, तशीच सही. तो कागद आणि नमुना अ घेऊन मी गेले, आणि या वेळी खिडकीवर थांबलेच नाही. आवक विभागात अर्ज दिला, माझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मागून घेतला, खाली लिहिलं होतं, ‘प्रत: मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ’. मुदतीच्या आत फोन आला, कागद तयार आहेत.

एक गोष्ट इथंच सांगते. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, भरतीच्या वेळी लिहून घेतलेल्या हकिकतीचं पान मागा. २०१६ ची फाइल खरोखरच नष्ट केलेली निघाली. डॉक्टरांच्या नियमांप्रमाणं भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे, पुढं सक्ती नाही. म्हणून मागायचं ते लवकर मागा. आम्हाला तारलं ते २०२१ च्या हकिकतीच्या पानानं. तिथं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं, पहिली भरती याच रुग्णालयात, २०१६. बोर्डानं ते मान्य केलं.

तपासणीच्या दिवसाबद्दल थोडं. प्रश्न कन्नडमध्ये सुरू झाले. दादाला बाजाराचं कन्नड येतं, मनातलं सांगायचं कन्नड येत नाही. तो गप्प. मी उठून सांगितलं, याला मराठीत विचारायला हवं. एक सिस्टर खानापूरकडच्या होत्या, त्या शेजारी बसल्या आणि दादा बोलला. समजेल त्या भाषेत माहिती मिळणं हाही त्याच कायद्यात, कलम २२ मध्ये, रुग्णाचा हक्क आहे. भांडायची गरज पडत नाही, पण मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही.

आणि आईला आधी तयार करा. आमच्या आया लाजेपोटी म्हणतात, ‘सगळं करतो हो, लई गुणाचा आहे.’ गुणाचा आहेच. पण तिथं विचारतात ते वाईट दिवसांबद्दल: किती दिवस आंघोळ नाही, किती दिवस खोलीबाहेर नाही, कामावर शेवटचं कधी गेला. ते खरं सांगितलं नाही तर गुण चुकीचे पडतात. आईनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज फुटला, दादानं तिचा हात धरला, आणि मला वाटतं त्या क्षणी समोरच्या डॉक्टरांनाही सगळं कळलं.

दादा क्लोझापिनवर आहे. या गोळीनं पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून सुरुवातीला आठवड्याला रक्त तपासावं लागतं. ते सगळे तारीखवार रिपोर्ट आम्ही पिशवीत ठेवले होते, उपचार अखंड चालू आहेत याचा त्याहून चांगला पुरावा नाही. आठवलं म्हणून सांगते, नुसत्या गोळ्यांसाठी दर वेळी धारवाड गाठायची गरज नसते. मनोचैतन्य योजनेखाली तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात, चौकशी करा. मानसिक आजाराचे उपचार साध्या दवाखान्यातून देता येतात हे १९८० च्या दशकात आपल्याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात करून दाखवलं होतं, देशभरचा जिल्हा कार्यक्रम पुढं त्याच नमुन्यावर उभा राहिला. रात्री-अपरात्री काही झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथं मराठीत बोलता येतं. मी बोलले आहे.

प्रमाणपत्र आलं, ४० टक्क्यांच्या वरचं. निवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच्या जोरावर पुढं गेला आहे. दादाचं प्रमाणपत्र मुदतीचं आहे, मुदत संपली की पुन्हा बोर्ड. त्यासाठी धारवाडचा प्रत्येक केस पेपर आता दोन झेरॉक्ससह ठेवते, एक संच आईकडं, एक माझ्याकडं बेळगावात, उंचावर.

फाइल मागायची असेल तर अर्जात एवढं हवं: रुग्णाचं नाव, भरतीची आणि सुटीची तारीख, केस नंबर असल्यास तो, ‘मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २५ अन्वये’ हे शब्द, रुग्णाची सही. सोबत प्रतिनिधी नेमल्याचा साधा कागद आणि दोघांच्या आधारची प्रत. तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.