एअर प्लांट: भिजवणं सोपं, कोरडं करणं महत्त्वाचं

माझ्याकडे आत्ता अकरा एअर प्लांट, म्हणजे मातीशिवाय वाढणारी रोपं, आहेत, आणि एक होतं ते गेलं. जे गेलं त्याचंच आधी सांगते, कारण बाकीची अकरा नीट जगतायत ती त्याच्यामुळेच.

ते झेरोग्राफिका जातीचं होतं. रुंद चंदेरी पानं, टोकाकडे निमुळती होत खाली वळून गोल गुंडाळलेली, नुसतं टेबलवर ठेवलं तरी बघत बसावं असं. बाकीच्या रोपांसारखंच मी त्यालाही दर आठवड्याला अर्धा तास पाण्यात बुडवायचे आणि बाहेर काढलं की सरळ काचेच्या खोलगट बाऊलमध्ये परत ठेवून द्यायचे. बरेच दिवस वरून काहीच कळलं नाही. मग एका सकाळी धूळ पुसताना मधल्या पानाला हात लागला आणि ते पान ओढायच्या आतच हातात आलं. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की जसा वास येतो ना, अगदी तसा वास. एकेक करत आतली सगळी पानं सुटून आली. बाहेरची मात्र अजूनही तशीच, ताजी, चंदेरी. खूप वाईट वाटलं मला त्या दिवशी.

एअर प्लांट या नावामुळे निम्म्या लोकांना वाटतं की याला पाणी लागतच नाही, हवेवर जगतं. पाणी लागतं, चांगलं भरपूर लागतं. फक्त ते मुळांतून घेत नाही, पानांवरच्या बारीक खवल्यांमधून घेतं. मुळं फक्त फांदीला किंवा दगडाला धरून बसण्यापुरती. आणि हो, झाडावर वाढतं म्हणून याला बांडगूळ समजू नका, बांडगूळ झाडाचा रस शोषतं, हे बिचारं नुसतं बसायला जागा घेतं.

याचं शास्त्रीय नाव टिलँडसिया, अननसाच्या कुळातलं, मूळचं अमेरिका खंडातलं, साडेसहाशेच्या आसपास जाती आहेत. हे नाव वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने एलियास टिलँड्स नावाच्या सतराव्या शतकातल्या वैद्यावरून ठेवलं. गोष्ट अशी सांगतात की या माणसाला समुद्रप्रवासात इतका त्रास झाला की परत येताना त्याने बोटीत पाय ठेवला नाही, वाटेतल्या अख्ख्या आखाताला वळसा घालून चालत आला, आणि लिनियसला वाटलं की या रोपांनाही पाणी आवडत नसणार. म्हणजे नावावरून गैरसमज व्हायची सुरुवात तिथूनच झालेली आहे.

ते खवले बघायचे असतील तर एक करून बघा. एखाद्या चंदेरी जातीच्या पानावर पाण्याचा एकच थेंब टाका आणि डोळे जवळ नेऊन बघा. थेंब पडतो तेवढाच भाग बघता बघता हिरवा होतो, कारण कोरडे असताना पांढुरके दिसणारे खवले ओले झाले की पारदर्शक होतात आणि खालचं हिरवं पान दिसायला लागतं. मला हे अजूनही दरवेळी बघावंसं वाटतं. आणि याचा उपयोगही आहे, भिजवल्यानंतर चंदेरी रंग परत आला की समजायचं पानं वरून कोरडी झाली. पण वरून म्हणजे वरूनच हां, मधल्या खोबणीत पाणी असू शकतं आणि माझं झेरोग्राफिका तिथूनच कुजलं.

माझी पद्धत आता अशी आहे. आठवड्यातून एकदा, सकाळीच, पसरट भांड्यात २० ते ३० मिनिटं. सकाळीच का, तर ही रोपं पानांवरची छिद्रं रात्री उघडतात आणि तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आणि पानांवर पाण्याचा थर असेल तर तो आत जाऊच शकत नाही. म्हणून रात्र व्हायच्या आत ती खडखडीत कोरडी पाहिजेत. पाण्यातून काढलं की उलटं धरून चार-पाच वेळा चांगलं झटकायचं, आणि टॉवेलवर उलटंच ठेवायचं, हवा खेळती असेल अशा ठिकाणी. चार तासांत कोरडं झालंच पाहिजे, नाही झालं तर पंखा लावते. झेरोग्राफिका आणि टेक्टोरमसारख्या जातींना भिजत घालायचंच नाही खरं तर, पटकन बुचकळून काढायचं किंवा स्प्रे. टेक्टोरम तर लोकरीसारखं पांढरं असतं, जितकी लव जास्त तितकं पाणी कमी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

पाणी पावसाचं मिळालं तर सोन्याहून पिवळं. नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा. वॉटर सॉफ्टनरमधून आलेलं मात्र नको, त्यात सोडियम जास्त असतं. पानं कडेने आत वळून पन्हाळीसारखी व्हायला लागली की तहान लागलीये, शेंडे करकरीत तपकिरी झाले तरी तेच.

आता सजावट. हे सगळं सांगून झाल्यावर सजावटीचं सांगतेय कारण माझ्या मते कुठलाही होल्डर घेताना एकच प्रश्न विचारायचा, यात रोप ठेवल्यावर त्याच्या बुडाला वारा लागेल का? छान दिसणाऱ्या किती तरी गोष्टी तिथेच बाद होतात. बंद काचेचा गोळा बाद, त्यात ओल कोंडते आणि ऊन पडलं की आत भट्टी होते. खोलगट बाऊल बाद. बुडाशी ओलं मॉस (शेवाळ) दाबून बसवायचं, ते तर अजिबात नको. आणि तांब्याची तार! फोटोत फार सुंदर दिसते पण तांबं या कुळातल्या रोपांना विषारी असतं, मी माझ्या सगळ्या तारा काढून मासेमारीची नायलॉन दोरी लावली, लांबून ती दिसतही नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते जुनं वाळकं लाकूड. एक वाकडीतिकडी फांदी भिंतीला आडवी लावलीये, खिडकीपासून दोन हातांवर, म्हणजे उजेड भरपूर पण दुपारचं कडक ऊन नाही. त्यावर तीन रोपं नुसती टेकवून ठेवलीयत, चिकटवली नाहीत, कारण भिजवायला उचलता आली पाहिजेत. स्पॅनिश मॉस, जे नावाला मॉस पण खरं तर टिलँडसियाच, ते पडद्यासारखं सोडलंय, पण विरळ, दाट जुडगा केला की आतला भाग मरतो.

त्याच फांदीवर इओनँथा जातीचं रोप आहे. फुलायच्या आधी त्याची मधली पानं लाल व्हायला लागली तेव्हा मी घाबरले होते, ऊन लागलं की काय म्हणून. काही दिवसांनी मधून जांभळी नळीसारखी फुलं आली, टोकाला पिवळे पुंकेसर बाहेर डोकावणारे. एक रोप आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग हळूहळू संपतं, पण लगेच नाही, त्याआधी बुडाशी पिल्लं येतात. पिल्लू आईच्या एक तृतीयांशाएवढं झालं की वेगळं करता येतं. मी केलं नाही, राहू दिली एकत्र, आता तिथे छोटासा गुच्छ झालाय. खत म्हणाल तर महिन्यातून एकदा ऑर्किडचं, सांगितलेल्या प्रमाणाच्या पावपट, तेही तांबं नसलेलं.

आत्ता हे लिहितेय तेव्हा अकराच्या अकरा टॉवेलवर उलटी पडलीयत. त्यातलं बल्बोसा अवघड आहे, त्याचं बूड पोकळ असतं, जंगलात तिथे मुंग्या राहतात, आणि पाणी एकदा आत गेलं की सहज बाहेर येत नाही. मघाशी दोनदा झटकलं तरी थेंब पडतच होते. उठते, अजून एकदा झटकून येते.